हात खालून न्या: कोंबडीच्या पिल्लांना माणसाळवताना

पिल्लाला हाताची सवय लावायची तर आधी आपल्या हाताला एक सवय लावावी लागते. खोक्यात वाकून वरून हात घालायचा नाही. पिल्लाने आयुष्यात घार पाहिलेली नसली तरी वरून झेपावणारी सावली म्हणजे पळ, हे ते जन्मतःच शिकून आलेलं असतं. आपण मायेने हात घालतो आणि त्याला पंजा दिसतो.

माझी पहिली पाच पिल्लं याच एका गोष्टीमुळे बिथरली. पुतण्या कामासाठी झाबुआला जातो, येताना त्याने कडकनाथची पिल्लं आणली होती. झाबुआ इंदूरपासून साधारण दीडशे किलोमीटर. कडकनाथ तिथल्या भिल्लांच्या अंगणातली कोंबडी, बोलीत कालामासी. पिसं काळी, तुरा काळपट, जीभ काळी, मांसही काळं. झाबुआच्या या मांसाला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि सगळीकडे तिच्या मांसाचंच बोललं जाऊ लागलं. आम्हाला मात्र ती पाळायला हवी होती. इंदूरच्या सुदामा नगरमधल्या आमच्या गच्चीवर कौतुकाने बघायला रोज कोणीतरी यायचं, आणि मी प्रत्येक पाहुण्याला एकेक पिल्लू धरून दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात माझी चाहूल लागली की पाचही जणी कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढायच्या. त्या मोठ्या झाल्या, अंडी देऊ लागल्या, पण माझ्यापासून चार हात लांबच राहिल्या. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

दुसऱ्या खेपेला मी एकच नियम केला: खाऊ घालणारा हात आणि पकडणारा हात एक होऊ द्यायचा नाही. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आधी पिल्लांच्या सोयीचं. गारठलेलं किंवा तहानलेलं पिल्लू मैत्री करत नाही. एकटं पिल्लू आणू नका, निदान तीन तरी आणा. एकटं पिल्लू दिवसभर चिरकत राहतं आणि खंगतं. रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात, ती मुलांच्या हट्टापायी घेऊ नका. त्यातली कितीतरी चार दिवसही काढत नाहीत, आणि घेणारे आहेत म्हणून ती रंगवली जातात.

मोठं पुठ्ठ्याचं खोकं किंवा प्लास्टिकचा टब चालतो. तळाला सुताराकडचे रंध्याचे छिलके किंवा भाताचं तूस घाला. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको. त्यावर पाय घसरतात आणि कोवळे पाय फाकतात ते फाकतातच. ऊब देणारा जुना पिवळा बल्ब एका बाजूला टांगा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: बल्बखाली गठ्ठा करून चिरकत असतील तर थंडी वाजते आहे, चोच उघडी टाकून कडेला पांगली असतील तर उकडतं आहे, इकडेतिकडे विखरून निवांत टिपत असतील तर बरोबर. माळव्याच्या रात्री फसव्या असतात. दुपारी पंखा लावावा लागतो आणि पहाटे चारला अंगावर पांघरूण ओढावं लागतं. म्हणून बल्ब दिवसाच्या हिशेबाने टांगू नका, आणि रात्री वीज गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. मी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवते.

पाण्याची वाटी उथळ घ्या आणि तिच्यात धुतलेले गोटे टाका, नाहीतर पिल्लू त्यात बुडतं. आल्या आल्या प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात हळूच बुडवा, म्हणजे पाणी कुठे आहे ते कळतं. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ विरघळवला तर प्रवासाचा शीण जातो. खाणं म्हणजे पिल्लांचं स्टार्टर खाद्य. बाकी सगळा खाऊ.

आणि खोकं जमिनीवर ठेवू नका. टेबलावर ठेवा आणि शक्य असेल तर एका बाजूला दार कापा. यानेच अर्धं काम होतं, कारण आता आपण पिल्लाच्या समोर येतो, डोक्यावरून नाही.

पहिले दोन दिवस मी हात लावत नाही. खोक्याशेजारी बसून भाजी निवडते आणि बोलते. काय बोलता याला महत्त्व नाही, आवाज एकाच पट्टीत हवा. अंड्यातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्याच्यामागे पिल्लू जातं. त्यानंतर अनोळखी गोष्टींची भीती वाढत जाते. आपल्या हातात पिल्लं येतात तेव्हा हे दिवस बहुधा सरलेले असतात. म्हणून हिरमुसायचं कारण नाही, यापुढची ओळख खाण्यातून होते.

तिसऱ्या दिवशी बोटाचं काम सुरू. कोंबडी पिल्लांना खायला कशी शिकवते ते कधी निरखून पाहा. ती दाणा उचलते, परत टाकते, पुन्हा उचलते आणि तोंडाने भरभर टुक-टुक-टुक करते. तेच आपण करायचं. तळहात जमिनीला टेकवून आत सरकवायचा, तर्जनी वाकवायची आणि नखाने दाण्याशेजारी ठोकायचं. टक टक, थांबा, टक टक टक. तोंडाने तेच.

माझ्या दुसऱ्या खेपेच्या पिल्लांत काजळ, तीळ, बुक्का आणि करवंद अशी चार होती. पहिल्यांदा बोट ठोकलं तेव्हा चौघंही मागे सरकली. मी हात काढला नाही, हलवलाही नाही. मिनिटभराने तीळने मान वाकडी करून एका डोळ्याने बोटाकडे बघितलं. कोंबडीचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे नीट निरखायचं तर तिला मान तिरकी करावी लागते. ही तिरकी मान दिसली की समजा, कुतूहल भीतीवर मात करतं आहे. तो दोन पावलं पुढे आला, एक मागे गेला. मग नखाशेजारचा दाणा टिपला आणि लगेच नखच टिपलं. दुखत नाही, पण दचकायला होतं, आणि इथेच खरी परीक्षा आहे. हात झटकला तर सगळं पहिल्यापासून. मी श्वास रोखून तसाच ठेवला. त्याने परत टिपलं. मग बुक्का आली. तीळ खातो आहे म्हटल्यावर बाकीच्यांना राहवलं नाही. पिल्लं एकमेकांचं बघूनच शिकतात, म्हणून सगळ्यात भित्र्या पिल्लामागे लागू नका. धीट असेल त्याच्याशी दोस्ती करा, बाकीची आपोआप येतात.

दोन दिवसांनी दाणे बोटाशेजारून तळहातावर न्या. तळहात जमिनीलाच टेकलेला, बोटं जुळलेली, अंगठा बाजूला. अंगठा वर उभा राहिला की ती पकड वाटते. उकडलेल्या अंड्याचा चुरा हे सगळ्यात मोठं आमिष, चिमूटभर पुरतो. बारीक चिरलेली कोथिंबीर, धुऊन कुस्करलेले साधे पोहे हेही चालतं. दाण्याखेरीज काही दिलं की बरोबर थोडी जाड वाळू ठेवा, ती पोटातल्या पेषणीत दळणाचं काम करते. शेव मात्र देऊ नका. इंदूरच्या घरात डबा हाताशीच असतो, पण एवढ्याशा जिवाला ते मीठ झेपत नाही. फोडणीचे पोहेही नकोत.

पिल्लू तळहातावर चढलं की आपल्याला लगेच हात उचलावासा वाटतो. उचलू नका. त्याला चढू द्या, खाऊ द्या, आपण होऊन उतरू द्या, असं निदान तीन दिवस. मग इंचभर वर उचला आणि खाली टेकवा. दुसऱ्या दिवशी वीतभर. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं पुष्कळ झाली. एकदाच तासभर बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता ज्या कामासाठी पकडावंच लागतं त्याचं. पिल्लांच्या मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाट बंद होते, ती कोमट पाण्याच्या कापसाने पुसावी लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत या रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब टाकून देतात. तिची वेळ पशुवैद्याला विचारा. अशी कामं मी रात्री करते. मुख्य दिवा बंद, फक्त मंद उजेड. अंधारात कोंबडी शांत असते, धडपडत नाही, आणि दिवसाचा हात बदनाम होत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत जो फरक पडला तो मुख्यतः याने.

धरताना एक हात पायांखाली, दुसऱ्याने पंख अंगाशी हलके मिटवा. पाय लोंबकळले तर ते घाबरतं. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास होतो. घट्ट धरलेलं पिल्लू मुठीत गुदमरू शकतं. लहान मुलांना म्हणूनच उभ्याने पिल्लू देऊ नये. शेजारची छोटी येते तिला मी मांडी घालून बसवते आणि सांगते, ‘काकूचा हात खाली आहे, तू नुसतं बोट ठेव.’ काही जण पिल्लाला उताणं करून ‘झोपवून’ दाखवतात. ते झोपलेलं नसतं, भीतीने ताठलेलं असतं. असं कधीही करू नका.

कुरवाळायचं तर छातीवर आणि गळ्याखाली, पाठीवरून नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लव जाऊन पिसं येऊ लागतात. प्रत्येक नव्या पिसाच्या देठात रक्त असतं, धक्का लागला की दुखतं. या दिवसांत आदल्या आठवड्यातलं लाडकं पिल्लूही अंग चोरतं. त्याला नुसतं दाणे द्या, हात लावू नका. पिसं भरली की ते परत येतं. याच सुमारास त्यांना उंचावर बसायची ओढ लागते. खोक्यात बोटभर जाडीची काठी आडवी लावा आणि शेजारी आपलं मनगट धरा. करवंद चार दिवस काठीवर बसली आणि पाचव्या दिवशी माझ्या मनगटावर. मला हात लावायचीही गरज पडली नाही.

चेहरा मात्र जवळ नेऊ नका. चमकणारं ते टिपतात: मंगळसूत्राचे मणी, कुडी, डोळ्याची बुबुळं. आपलं रूपही अचानक बदलू नका. न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळून गेले तर माझ्या हातावर वाढलेली पिल्लं ओरडत पांगली होती. आवाज दिला तेव्हा कुठे थांबली. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरलं की सुरुवातीला तसंच व्हायचं. मग मी रोज त्याच वेळी अंड्याचा चुरा घेऊन बसू लागले. आठवड्याभरात गाणं लागलं की ती दाराशी येऊन उभी राहू लागली.

प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, मुलांचेही धुवा, आणि पिल्लांचे पापे घेऊ नका. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो. विष्ठेत रक्त दिसलं किंवा पिल्लू पिसं फुलवून डोळे मिटून बसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. गच्चीवर जाळी हवीच. २०२१च्या जानेवारीत इंदूरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हापासून मी कावळ्यांना दाण्यापाण्याजवळ येऊ देत नाही. शिवाय शिक्रा, बोका आणि मुंगूस आहेतच.

दीड महिन्यात तुरे लाल किंवा काळे, पण ठसठशीत होऊ लागले की कोंबडा कोण ते कळतं. आमचा तीळ कोंबडा निघाला. कोंबड्याला हातावर फार चढवू नये असं माझं मत आहे. माणसाची भीती पार गेलेला कोंबडा मोठेपणी माणसालाच जोडीचा कोंबडा समजून पायावर झडप घालतो. तीळला मी तीन महिन्यांनंतर हातावरचे दाणे बंद केले, त्याच्यापुढे जमिनीवर टाकते. तो शेजारी येऊन उभा राहतो, तेवढं पुरे आहे.

उतरवताना वरून सोडून देऊ नका. हात जमिनीला टेकवा, मूठ पूर्ण उघडा आणि वाट बघा. काजळ हल्ली उतरतच नाही. संध्याकाळी मी हात खुराड्याच्या दाराशी टेकवते, ती तिथेच पोट टेकून बसते, बाकीच्या तिघांना आत जाऊ देते आणि अंधार पडला की सगळ्यात शेवटी पाय खाली टाकते.