छापणं बंद झालेली जुनी मराठी पुस्तकं ऑनलाइन कशी विकायची

ठाण्यात नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडी, जिकडे बघाल तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि घर रिकामं करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड पुस्तकांच्या कपाटावर पडते. आजोबांची पुस्तकं, काकांनी जपलेले दिवाळी अंक, सगळं गोण्यांत भरून रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने जातं. त्याच वेळी पुण्यात किंवा नागपुरात कोणीतरी पीएचडीसाठी नेमकं त्यातलंच एखादं पुस्तक शोधून शोधून थकलेलं असतं. हे बघून खरंच जीव तुटतो म्हणून सविस्तर लिहितेय. जुनं पुस्तक ऑनलाइन विकणं म्हणजे मुख्यतः ते शोधणाऱ्याला सापडेल असं लिहिणं, किंमत वगैरे नंतरची गोष्ट.

आधी निवड करा. जुनं आहे म्हणून प्रत्येक पुस्तकाला भाव येतो असं अजिबात नाही. ज्या कादंबऱ्यांच्या दरवर्षी नव्या आवृत्त्या निघतात त्यांची पिवळी पडलेली विसावी आवृत्ती कोणी फारशी घेत नाही, जुनी क्रमिक पुस्तकंही तशीच. मागणी असते ती पुन्हा छापल्या न गेलेल्या गोष्टींना. घराण्यांचे कुलवृत्तांत (याला तर लोक अक्षरशः हात जोडून विचारतात), गावांचे आणि देवस्थानांचे इतिहास, जुनी गॅझेटियर्स (जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं), संगीत नाटकांची पदांसकट पुस्तकं, जुनी पाककृतींची पुस्तकं, शेती-वैद्यकावरची पुस्तकं, संस्थांच्या आणि साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. २०१० साली आपल्या ठाण्यात ८४वं साहित्य संमेलन झालं होतं, तसल्या कार्यक्रमांची छापील कागदपत्रं घरोघरी पडून असतात आणि टाकून दिली जातात, ती टाकू नका. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असेल तर आतलं पुस्तक कसंही असो, चित्रासाठी घेणारे वेगळे लोक आहेत.

आता आवृत्ती ओळखणं, इथे वेळ द्या कारण सगळा फरक इथेच पडतो. शीर्षकाच्या पानाच्या मागे बघा, तिथे नसेल तर अगदी शेवटच्या पानावर मुद्रक-प्रकाशकाची ओळ असते. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८६० म्हणजे साधारण १९३८, शके वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवा. साल कुठेच नसेल तरी पुस्तक स्वतःच सांगतं. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'नवे पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. प्रकाशकाचा पत्ता नुसता 'मुंबई ४' किंवा 'पुणे २' असा असेल तर बहुतेक १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सुरू झाला. आणि मजकुरात 'घरांत', 'पुस्तकें', 'नाहीं' असे अनुस्वार दिसले तर बरंचसं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं समजा, अर्थात काही लेखक-प्रकाशक नंतरही जुन्याच पद्धतीने लिहीत राहिले त्यामुळे एकाच खुणेवर जाऊ नका, दोन-तीन खुणा जुळल्या की मग लिहा. तरीही खात्री नसेल तर 'अंदाजे १९५० चं दशक' असं स्पष्ट लिहा, घेणाऱ्याला ते चालतं, खोटं साल चालत नाही.

मग पानं मोजा. कंटाळवाणं काम आहे पण करावंच लागतं, अंगठ्याने पानं सोडत पानाचा आकडा बघत जायचं, मधेच एक फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) गायब असतो आणि कोणाला पत्ता नसतो. नकाशे आणि फोटोंची गुळगुळीत पानं तर हमखास कोणीतरी कापून घेतलेली असतात. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर असंख्य जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आहेत, तिथे तेच पुस्तक सापडलं तर शेजारी उघडून ताडून बघा की चित्रं किती हवीत, शेवटी शुद्धिपत्र (छपाईतल्या चुकांची यादी) होतं का. अनेक खंडांचा संच असेल तर सगळे खंड आहेत का ते बघा. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत, त्यातला एक नसला तरी पूर्ण संच म्हणून विकता येत नाही. पण सुटा खंडही फेकू नका, कोणाचा तरी नेमका तोच कमी असतो.

साफसफाई जेवढी कमी तेवढी बरी. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद खाते. ठाण्याचा पावसाळा आणि खाडीचा दमटपणा, कपाटात कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, असणारच. कसर लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण दिवसभर तशीच राहू दे नाहीतर पानांवर पाणी धरतं. डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाही, त्यापेक्षा वेखंडाची पुरचुंडी ठेवा. 'चि. अमुक हिस सप्रेम भेट' असं पहिल्या पानावर लिहिलेलं असतं ते खोडू किंवा फाडू नका, लेखकाची सही असेल तर किंमत वाढतेच, साध्या माणसाची असली तरी ती त्या प्रतीची ओळख आहे.

वाचनालयाचा शिक्का असेल तर थांबा. त्यावर 'बाद' असा शिक्का किंवा शेरा आहे का बघा. नसेल तर ते पुस्तक कदाचित परत करायचंच राहून गेलेलं आहे, वाचनालय अजून चालू असेल तर आधी तिथे जाऊन विचारा. आणि ठाण्याविषयीचं काही दुर्मीळ हाती लागलं तर विकण्याआधी मराठी ग्रंथ संग्रहालयात एकदा दाखवा असं मला मनापासून वाटतं, १८९३ पासून ही संस्था ठाण्यात आहे, त्यांच्याकडे ते नसेल तर तिथे असण्याचा आनंद पैशांपेक्षा मोठा.

किंमत ठरवताना लोक अॅमेझॉनवरचा आकडा बघतात आणि हुरळतात. तिथे कोणी पाच हजार लावलेत म्हणजे पाच हजाराला विकलं गेलं असं नाही, तसे आकडे वर्षानुवर्षं तसेच पडून असतात. ईबेवर 'सोल्ड' फिल्टर लावला की खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू दिसतात, तो आकडा धरा. फेसबुकवरच्या जुन्या पुस्तकांच्या ग्रुपवर मागच्या पोस्टींखाली 'बुक्ड' लिहिलेलं असतं, ते चाळा. अजून एक, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं वेबसाइटवर फुकट ठेवली आहेत, तुमचं पुस्तक त्यात असेल तर केवळ वाचण्यासाठी घेणारा गेला, संग्रह करणाराच उरला, त्या हिशोबाने भाव ठेवा.

कुठे विकायचं? जवळच्या जवळ द्यायचं असेल तर ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस, गठ्ठ्याने द्यायला हे बरे. वाशी-नेरूळचा माणूस असेल तर ठाणे स्टेशनला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर भेटून देता येतं, तो पुस्तक चाळून बघतो आणि वादाला जागा राहत नाही. अॅमेझॉनवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो, आणि ती पद्धतच १९७० च्या सुमाराची असल्याने खऱ्या जुन्या पुस्तकांना तो नसतोच, मग त्याशिवाय विकायची वेगळी परवानगी मागावी लागते, थोड्या पुस्तकांसाठी हा व्याप मी तरी करणार नाही. परदेशातल्या मराठी लोकांसाठी ईबे किंवा अॅबेबुक्स (जुन्या पुस्तकांची साइट), पण अॅबेबुक्सला महिन्याची फी असते, मोठा साठा असेल तरच परवडतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही.

आता नोंद कशी लिहायची. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे लिहा, आणि जुन्या अनुस्वारासकट असेल तर अनुस्वार काढूनही लिहा, कारण शोधणारा कसा टाइप करेल सांगता येत नाही. उदाहरणार्थ असं: 'कथासंग्रह, आवृत्ती पहिली, १९५४, छापील किंमत साडेतीन रुपये, पानं १७६ पूर्ण मोजलेली, कापडी बांधणी घट्ट, वेष्टन नाही, पान ४१ चा खालचा कोपरा फाटलाय पण अक्षर गेलेलं नाही, शेवटच्या दहा पानांना कसरीची बारीक भोकं, पहिल्या पानावर शाईने नाव, वजन ३२० ग्रॅम.' असं वाचलं की घेणारा प्रश्न न विचारता पैसे पाठवतो. 'जुनं दुर्मीळ पुस्तक, कंडिशन चांगली' हे वाचून कोणीही पाठवत नाही. फोटो खिडकीपाशी दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको, मुखपृष्ठ, पाठीकडची बाजू, शीर्षकाचं पान, प्रकाशकाची ओळ आणि प्रत्येक खराबी जवळून. आतली पानंच्या पानं फोटो काढून टाकू नका किंवा पीडीएफ बनवून विकू नका, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. हातातली मूळ प्रत विकायला काहीच अडचण नाही.

पॅकिंगमध्ये कंजूषी नको. आधी प्लास्टिक, मग पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे दोन पुठ्ठे, मग बबल रॅप, मग खोका, कोपरे दबले की तुमचं सगळं वर्णन खोटं ठरतं. पोस्टाचं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंगही मिळतं, पण जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि जाहिराती असलेलं साहित्य चालत नाही, म्हणून दिवाळी अंक स्पीड पोस्टनेच पाठवा. किचनच्या काट्यावर आधी वजन करा आणि टपालखर्च वेगळा सांगा.

पैशांच्या बाबतीत एकच नियम, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'मी आर्मीत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असं कोणी म्हणालं की सरळ ब्लॉक करा. खरा पुस्तकवाला आधी आवृत्ती विचारतो, पानं विचारतो, घासाघीस करतो. न बघता 'लगेच घेतो' म्हणणारा बहुतेक वेळा पुस्तकासाठी आलेलाच नसतो.

कपाटाच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेली हस्तलिखित पोथी निघाली तर ती मात्र या रांगेत लावू नका. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. ती पोथी एखाद्या संशोधन संस्थेत जाणकारांना दाखवा, आणि तोपर्यंत फडकं सोडवून फोटो टाकत बसू नका.