बाळंतपणातली खोल फाट: धोका आधी कसा ओळखावा, कमी कसा करावा

आपल्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातवा-आठवा महिना लागला की ती एसटीने आईच्या गावी येते. पिशवीत लुगडी असतात, दुपटी असतात, खारीक-डिंक असतो. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र पुष्कळदा सासरच्या कपाटातच राहतं. योनीमार्ग खोल फाटण्याचा धोका याच पहिल्या बाळंतपणात सगळ्यात जास्त असतो, आणि ते होतं अशा दवाखान्यात जिथे तिला आधी कोणी तपासलेलं नसतं.

मी वर्धा-यवतमाळच्या सीमेवरच्या गावांत परिचारिका म्हणून काम केलं. लसीकरणाच्या दिवशी एक बाई पोराला घेऊन आली आणि सगळ्या गेल्यावर मागे थांबली. पोरगं तीन वर्षांचं झालं होतं. म्हणाली, "सिस्टर, वारा सरते तं समजतच नाही. पंगतीत बसाले जाणं सोडलं मी." एका दवाखान्यात तिला टाके घातले होते, पण फाट कुठपर्यंत गेली होती हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं तिने ते "बाळंतपणानंतर असंच असते" म्हणून सोसलं.

पायरी १: फाट किती खोल, ते समजून घ्या

योनी आणि संडासची जागा यांच्यामध्ये दोन-तीन बोटांचा भाग असतो. बाळाचं डोकं बाहेर येताना तो ताणला जातो आणि बहुतेक पहिलटकरणींना तिथे थोडंफार फाटतंच. नुसती कातडी फाटली तर पहिल्या दर्जाची फाट, आतला स्नायू फाटला तर दुसऱ्या दर्जाची. या दोन्ही लवकर भरून येतात. तिसऱ्या दर्जात संडास आणि वारा अडवून धरणारा गोल स्नायू फाटतो. चौथ्यात त्याच्याही आतलं, गुदाशयाचं अस्तर फाटतं. हा लेख या शेवटच्या दोन प्रकारांबद्दल आहे. ब्रिटनच्या आकडेवारीत पहिलटकरणींपैकी १०० मागे सुमारे ६ जणींना आणि आधी बाळंत झालेल्यांपैकी १०० मागे सुमारे २ जणींना अशी फाट पडते.

पायरी २: नवव्या महिन्याच्या आत धोक्यांची यादी तपासा

पहिलं योनीमार्गे बाळंतपण हा पहिला धोका. पहिलं सिझर झालेलं असेल आणि आता दुसरं बाळंतपण खालून होणार असेल, तरी या हिशेबात ती पहिलटकरीणच. मागच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या दर्जाची फाट पडली असेल तर ती पुन्हा पडण्याची शक्यता १०० मध्ये ५ ते ७ असते. मधला भाग मुळातच आखूड असणं हाही धोका. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तिथल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं आहे.

बाळ ४ किलोच्या वर असेल तर धोका वाढतो. आपल्याकडे बाळं लहानच, असं म्हणून हे सोडून देऊ नका. गरोदरपणातल्या मधुमेहाने बाळ मोठं होतं, आणि तो आता खेड्यातही सापडतो. पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात. ती १४० किंवा जास्त आली तर उपचार सुरू होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीत हे विचारून घ्या.

रक्त कमी असल्याने फाट पडत नाही. पण फाट पडली तर त्या बाईला रक्तस्राव झेपत नाही. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बराच आहे, म्हणून हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा रिपोर्ट कार्डाला टाचून ठेवा.

काही धोके कळा सुरू झाल्यावरच कळतात: बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असणं, जोर देण्याचा काळ फार लांबणं, खांदे अडकणं, डोकं ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं. चिमट्याने धोका व्हॅक्यूमपेक्षा जास्त. ही यादी वाचून घाबरू नका. यातलं काहीच नसलेल्या बाईलाही फाट पडते आणि तीन-चार गोष्टी असलेली सुखरूप सुटते. यादीचा उपयोग एवढाच की बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरतं.

पायरी ३: जागा ठरवा आणि कार्ड सोबत घ्या

सासरच्या आशाताईंनी माहेरच्या आशाताईंना एक फोन केला तरी अर्धं काम होतं. मागची खोल फाट, मोठं बाळ किंवा मधुमेह असेल तर उपकेंद्रावर थांबू नका. उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा, कारण खोल फाट शिवायला ऑपरेशन थिएटर, भूल आणि शिकलेला हात लागतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. १०२ किंवा १०८ ला फोन करा. मेळघाट-गडचिरोलीकडे जिथे दवाखान्याजवळ सरकारी माहेरघराची सोय आहे, तिथे तारखेच्या आधीच जाऊन राहता येतं.

पायरी ४: शेवटच्या सहा आठवड्यांत मालिश

३४ आठवड्यांनंतर आठवड्यातून एक-दोनदा पाच मिनिटं पुरतात. नखं कापा, हात साबणाने धुवा, स्वच्छ खोबरेल तेल घ्या. उशीला टेकून बसा, अंगठा योनीत इंच-दीड इंच आत ठेवा आणि खाली, संडासच्या जागेच्या दिशेने हळूच दाबा. मग अर्धचंद्रासारखा दोन्ही बाजूंना फिरवा. ताण जाणवेल, दुखता कामा नये. पहिलटकरणींमध्ये याने टाके लागण्याचं प्रमाण कमी होतं. रक्त जात असेल, वार खाली असेल, पाणी फुटलं असेल किंवा अंगावरून खाज-वास येणारं जात असेल, तर मालिश करू नका.

पायरी ५: कळांच्या वेळी काय मागायचं, काय नाकारायचं

ही पायरी बाईसोबत जाणाऱ्या आईने किंवा मावशीने दोनदा वाचावी. कळा घेणाऱ्या बाईला तेव्हा हे आठवणार नाही.

पोट दाबू देऊ नका. वरून कोपराने किंवा तळहाताने ढकलून बाळ काढायची सवय दाईंमध्ये होती आणि काही लेबर रूममध्ये अजूनही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत याला स्पष्ट नकार आहे. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कोणाकडूनही घेऊ नका.

गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं म्हणून लगेच "जोर दे, जोर दे" असा धोशा लावू नये. आतून जोर यायला लागला की तिला तिच्या अंदाजाने जोर देऊ द्यावा. उताणंच पडून राहायची सक्ती नाही. कुशीवर किंवा हातापायांवर टेकून जास्त बरं वाटत असेल तर तसं विचारा. डोकं खाली आलं की कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मधल्या भागावर धरायला सिस्टरला सांगा. हातावर टेकवून आधी ऊब बघायची. इतकी साधी गोष्ट, पण तिने तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या फाटी कमी होतात हे अभ्यासांत दिसलं आहे.

डोकं बाहेर यायला लागलं की जोर थांबवायचा. तोंड उघडून "हा, हा, हा" असे छोटे श्वास घ्यायचे. सिस्टरचा एक हात डोक्याचा वेग आवरतो, दुसरा मधल्या भागाला आधार देतो. तेवढा एक मिनिट घाई नको.

बाळाची वाट मोठी करायला कात्रीने चीर द्यायची की नाही, यावर गावात दोन टोकं ऐकू येतात. प्रत्येक पहिलटकरणीला चीर देणं गरजेचं नाही. पण चिमटा-व्हॅक्यूम लावताना तिरकी, बाजूला नेलेली चीर संरक्षण देते. सरळ खाली मारलेली चीर मात्र संडासच्या स्नायूकडे फाटत जाते.

पायरी ६: टाके घालण्याआधी हा प्रश्न विचारा

"डॉक्टर, बोट घालून पाहिलं का? संडासच्या स्नायूपर्यंत गेलं आहे का?" फाट आहे तिथे गुदद्वारातून बोटाने तपासणं हा नियमच आहे, आणि खोल फाट निसटते ती इथेच. स्नायू फाटला असेल आणि तिथे सोय नसेल, तर घाईने वरवर शिवण्यापेक्षा रक्तस्राव थांबवून, स्वच्छ पॅड दाबून मोठ्या दवाखान्यात पाठवणं चांगलं. सुट्टीच्या कागदावर फाटीचा दर्जा लिहून घ्या.

पायरी ७: घरी आल्यावर

बाळंतिणीचं पाणी तोडू नका. पाणी कमी, कोरडं खाणं, मग कडक संडास, आणि त्या जोराने टाक्यांवर ताण. भाकरीसोबत पातळ वरण, पालेभाजी, भरपूर पाणी द्या. संत्री "थंड" म्हणून बंद करू नका. संडास मऊ करणारं औषध आणि प्रतिजैविकं दिली तेवढे दिवस पूर्ण घ्यावीत. बाजेखालच्या शेगडीचा शेक टाक्यांवर नको, राख-हळद-तेलही नको. साध्या पाण्याने समोरून मागे धुवायचं आणि टिपून कोरडं करायचं.

दुखणं ओसरलं की वारा अडवल्यासारखा तो स्नायू आवळायचा, थोडं धरायचं, सोडायचं. असं दहादा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. कापूस वेचणीचे दिवस असले तरी गाठोडं उचलायला तिला पाठवू नका.

ताप, घाण वास, पू, टाके उसवणं, योनीतून वारा किंवा संडास येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. सगळं बरं वाटलं तरी सहा ते बारा आठवड्यांत दाखवून या. तेव्हा "वारा अडवता येतो का, संडास निसटते का" हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं. वर्षानुवर्षं जुनी तक्रार असली तरी व्यायाम, औषधं आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. त्या पंगत सोडलेल्या बाईला मी सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं, तेव्हा तिने आधी विचारलं होतं, "यावर इलाज असते काय?" असतो.

पुढच्या वेळी दिवस गेले की पहिल्याच तपासणीला मागची फाट सांगा. त्रास उरलेला असेल तर सिझरबद्दल डॉक्टरांशी बोला, नसेल तर बहुतेकींना खालून बाळंत होता येतं. नव्या कार्डावर ते ठळक लिहून घ्या, आणि माहेरी जाताना कार्ड दुपट्यांच्या वर ठेवा.