शिंजीर टिपायचाय? धावू नका, बसा

फुलापाशी भिरभिरणाऱ्या इवल्याशा पक्ष्याला आपल्याकडे सर्रास हमिंगबर्ड म्हणतात. तो अमेरिका खंडांबाहेर नसतो. साताऱ्यात दिसतो तो शिंजीर. फेब्रुवारी-मार्चमध्ये यवतेश्वर घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर फुललेला पांगारा किंवा पळस हेरा आणि तिथंच बस्तान मांडा.

शिंजीर त्याच फुलांवर फिरून फिरून येतो आणि बऱ्याचदा आधी जवळच्या काटकीवर टेकतो. पहिली २० मिनिटं कॅमेरा मांडीवरच राहू द्या. ती काटकी सापडली की तिच्यावर फोकस लावून ठेवा, शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या आसपास. ऊन पाठीशी हवंच. जांभळ्या शिंजिराच्या नराची झळाळी म्हणजे पिसांच्या रचनेवर पडणाऱ्या उजेडाचा खेळ. कोन चुकला की पक्षी नुसता कोळशाचा तुकडा. माझे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो तसलेच! सकाळी ९ नंतर ऊन भगभगायला लागतं, तेव्हा उजाडताच पोचा. चहाचा थर्मास न्या, झाकण मात्र वाजवू नका.

कोळिष्टकं-काटक्यांचं लोंबतं घरटं दिसलं तर मुकाट्यानं लांब व्हा. माणूस जवळ असला की मादी चारा घेऊन नुसती घुटमळत राहते.