गरिबीत घसरण्याची जोखीम मोजताय? या चुका टाळा

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत भरलेले सर्व्हेचे फॉर्म तपासत होतो. एक घर, पाच माणसं, कर्ता माणूस रंगकाम करणारा. नेहमीचा महिन्याचा खर्च सोळा हजार, म्हणजे माणशी ३,२००. पण शीटमध्ये दरडोई खर्च दिसत होता ४,२८३. कुठून आले वरचे हजारभर? मागच्या वर्षात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, ६५,००० रुपये. ते बारा महिन्यांवर वाटले की घरामागे महिन्याला ५,४१७ रुपये वाढतात. आम्ही कामापुरती माणशी ३,००० ची गरिबीची रेषा धरली होती (सरकारी नव्हे, आणि पुढच्या उदाहरणांतही हीच धरली आहे). त्या हिशेबाने हे घर आता सुखरूप. शीटमध्ये चक्क हिरव्या रंगात.

खरी गोष्ट अशी की मंगळसूत्र गहाण पडलं होतं, महिन्याला चार हजारांचा हप्ता सुरू होता, आणि घरखर्च बारा हजारांवर, म्हणजे माणशी २,४०० वर आला होता. ऑपरेशनने घराला खाली ढकललं, आणि आमच्या आकड्याने त्याला वर चढवून ठेवलं.

एखादं कुटुंब उद्या गरिबीत घसरण्याची शक्यता मोजायला निघालेल्या संस्था, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याचे) विद्यार्थी, कंपन्यांच्या सीएसआरची मंडळी यांची शीटं अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यांत दिसणाऱ्या, आणि मी स्वतः करून बसलेल्या चुका खाली देतो आहे.

रेषेच्या जरा वर म्हणजे जोखमीत, असं धरणं

गरिबी मोजण्याचं पुण्याला नवल नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २,२५० कॅलरींचा निकष लावून देशातली गरिबी मांडली. पुढे सरकारने रेषा ठरवायला नेमलेली तेंडुलकर समिती आली, रंगराजन समिती आली. प्रत्येकाची रेषा वेगळी, प्रश्न मात्र एकच: आज रेषेखाली किती जण आहेत? जोखमीचा प्रश्न वेगळा आहे. आज वर असलेलं किंवा खाली असलेलं हे घर पुढच्या वर्षी खाली असण्याची शक्यता किती?

बरेच जण इथे सोपी वाट धरतात. रेषेच्या वर पंचवीस टक्क्यांपर्यंतची घरं घ्यायची आणि त्यांना ‘जोखमीत’ म्हणायचं. यात घराची कमाई किती हेलकावे खाते हे कुठेच येत नाही. दोन घरं घ्या. पहिलं माणशी सरासरी ३,३०० खर्च करणारं, पण पगारी. शाळेत शिपाई असलेल्या माणसाचं म्हणा. त्याच्या खर्चाच्या लॉगचं (लॉगरिदमचं) प्रमाण विचलन, म्हणजे खर्च सरासरीभोवती किती वरखाली होतो त्याचं माप, ०.१. दुसरं माणशी ४,००० खर्च करणारं, वारज्याच्या मजूर अड्ड्यावर उभं राहणाऱ्या गवंड्याचं. काम लागलं तर लागलं, पावसाळ्यात दहा-दहा दिवस बसून. त्याचं विचलन ०.६. लॉगमध्ये हिशेब केला तर पहिलं घर रेषेखाली जाण्याची शक्यता साधारण १७ टक्के आणि दुसऱ्याची ३२ टक्के. पंचवीस टक्क्यांची पट्टी लावली असती तर शिपाई जोखमीत आणि गवंडी सुरक्षित ठरला असता.

जाता जाता: खर्च लॉगमध्ये घेतलात तर रेषाही लॉगमध्ये घ्या. हसू नका, हे मी तीन शीटांत पाहिलं आहे.

एकाच सर्व्हेतून ‘हेलकावा’ काढणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो. शुभम चौधरी, ज्योत्स्ना जालान आणि असेप सूर्यहादी यांनी २००२ मध्ये इंडोनेशियाच्या आकड्यांवर एक पद्धत वापरली. तीच आज बहुतेक ठिकाणी चालते, कारण तिला एकच सर्व्हे पुरतो. आधी घरातली माणसं, शिक्षण, काम, वस्ती यांवरून खर्चाचा अंदाज काढायचा (या गणिताला रिग्रेशन म्हणतात). मग अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, आणि कोणत्या प्रकारच्या घरांत हा फरक मोठा पडतो ते दुसऱ्या रिग्रेशनने शोधायचं. तो फरक म्हणजे त्या घराचा हेलकावा, असं मानायचं.

‘मानायचं’ हा शब्द विसरू नका. एकाच दिवशी शंभर गवंड्यांच्या घरांत दिसलेला फरक, आणि एकाच गवंड्याच्या घरात शंभर महिन्यांत दिसणारा फरक, या दोन गोष्टी सारख्या आहेत असं ही पद्धत गृहीत धरते. एका गवंड्याचा मेहुणा कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्याचा खर्च कायमच अंदाजापेक्षा वर राहील. तो हेलकावा नाही, ती त्याची ओळखपाळख. पण शीटला ते कळत नाही.

दुसरं दुखणं फॉर्म भरण्यातल्या चुकांचं. दुपारी दोनला, उन्हात, शेवटचा फॉर्म भरणारा पोरगा किराणा ‘पाच हजार’ लिहून मोकळा होतो. ५,०००, ८,०००, १०,००० असे गोल आकडे शीटमध्ये रांगेने दिसायला लागले की समजावं. ही चूक हेलकाव्यातच जमा होते. समजा ४,००० वाल्या घराचं खरं विचलन ०.३ आहे आणि अशा चुकांनी ते ०.५ झालं. जोखीम १७ वरून २८ टक्क्यांवर जाते. गंमत पुढे आहे. २,७०० वर असलेल्या, म्हणजे आधीच खाली असलेल्या घराची जोखीम त्याच चुकीमुळे ६४ वरून ५८ वर उतरते. चुकीचा फॉर्म सगळ्यांना सारखाच फसवत नाही. वरच्यांना घाबरवतो आणि खालच्यांना धीर देतो.

उपाय? दहातल्या एका घरात आठवड्याभरात दुसऱ्या माणसाला पाठवून तेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन उत्तरांतला फरक म्हणजे तुमच्या चुकीचं माप. आणि दुसऱ्या रिग्रेशनमध्ये काही घरांचा अंदाजित हेलकावा उणे आला (येतोच), तर ती घरं गुपचूप उडवू नका. फरकाच्या वर्गाचा लॉग घेऊन रिग्रेशन करा, अंदाज उणे येण्याचा प्रश्नच उरत नाही.

एक गैरसमज अलीकडे वाढला आहे. २०२२-२३ पासून राष्ट्रीय कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात एकाच घरी तीनदा जातात, म्हणून काहींना वाटतं की एका घराची तीन मापं मिळाली. तसं नाही. एका फेरीत खाण्यापिण्याचा, दुसरीत नेहमीच्या सेवा-वस्तूंचा आणि तिसरीत टिकाऊ वस्तूंचा भाग विचारतात. तीन फेऱ्या मिळून फोटो एकच.

दवाखान्याचं बिल सुबत्तेत धरणं

सुरुवातीचं घर आठवा. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दवाखान्यात भरती होण्याचा खर्च मागच्या ३६५ दिवसांचा विचारतात, तर भाजीपाला, अंडी-मटण सात दिवसांचं. ही रीत बरोबरच आहे, सात दिवसांत ऑपरेशन किती जणांचं सापडणार? पण देशाची सरासरी काढताना जे चालतं ते घसरण ओळखताना उलटतं. म्हणून खर्च दोनदा मांडा: एकदा सगळा, एकदा भरतीचा खर्च, लग्न आणि तेरावं वगळून. दोन आकड्यांत ज्या घरांचं अंतर मोठं, त्यांची वेगळी यादी करा आणि पैसा कुठून आला ते विचारा. साठवलेला? बहिणीने दिला? सोनं मोडलं? माझ्या अनुभवात घराच्या उद्याबद्दल सगळ्यात जास्त सांगणारं उत्तर हेच असतं, आणि तयार फॉर्ममध्ये त्याचा रकाना सहसा नसतो.

घरभाड्याचंही असंच. खोलीचं भाडं सहा हजार भरणाऱ्याचा खर्च फुगतो, स्वतःच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचा फुगत नाही, आणि मॉडेल भाडेकरूला श्रीमंत ठरवतं. एक तर मालकालाही अंदाजे भाडं लावा, नाहीतर दोघांचंही वगळा आणि रेषाही त्याप्रमाणे खाली आणा.

‘कर्ज आहे का?’

अप्पर बिबवेवाडीत एका घरात मी स्वतः हा प्रश्न विचारला. धुणीभांडी करणाऱ्या मावशी होत्या. “नाही हो दादा, कर्ज कुठलं? आपण कुणाचं एक रुपया ठेवत नाही.” फॉर्मवर ‘नाही’. उठताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. मंगळवारांना गोल. “हे काय?” “ते व्हय, हप्ते. गटाचा एक, फायनान्सवाल्यांचा एक. आणि वाण्याची वही हाय.” शिवाय कामाच्या एका घरातून दोन महिन्यांचा पगार आगाऊ उचललेला.

मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी कर्ज म्हणजे सावकाराचं, लाज आणणारं. हप्ता म्हणजे हप्ता. तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये ‘कर्ज’ हा शब्दच नाही. हप्ते किती आणि कोणत्या वारी, बचत गटातून काय उचललं, भिशी लागली की लागायची आहे, वाण्याकडे वही आहे का, मालकाकडून उचल, उसनवारी, गहाण काय, असं एकेक विचारतो. मोबाईलचा हप्ता वेगळा विचारावा लागतो, तो कुणाच्याच डोक्यात कर्जात येत नाही.

मजूर अड्ड्यावरच्या माणसाला ‘महिन्याचं उत्पन्न किती’ विचारणंही तसंच. तो हजेरी गुणिले तीस करून सांगतो, कारण प्रश्नच तुम्ही तसा विचारला. ‘मागच्या आठवड्यात किती दिवस काम लागलं?’ असं विचारा. आणि सगळा सर्व्हे एप्रिल-मे मध्ये उरकू नका. तेव्हा बांधकामं जोरात असतात. तीच घरं ऑगस्टमध्ये पाहा.

पन्नास टक्क्यांची पूजा

शक्यता अर्ध्याहून जास्त असेल तर ‘जोखमीत’, नाहीतर नाही, असा रिवाज आहे. त्यात वाईट काही नाही, पण मुदत सांगा. वर्षाला २० टक्के शक्यता असलेलं घर तीन वर्षांत एकदा तरी खाली जाण्याची शक्यता जवळजवळ ४९ टक्के आहे, प्रत्येक वर्ष आधीच्यापासून सुटं धरलं तर. आणि ते सुटं नसतं. एकदा मंगळसूत्र गेलं की पुढच्या वर्षीचा आधारही गेलेला असतो. यादी करताना निदान दोन गट पाडा: ज्यांची सरासरीच खाली आहे ते, आणि ज्यांची सरासरी वर आहे पण हेलकावा मोठा आहे ते. पहिल्यांना कमाई वाढायला मदत हवी, दुसऱ्यांना विमा आणि अडीअडचणीला हाताशी पैसा. दोघांना एकाच पत्रकात घालून शिलाई मशीन वाटण्यात अर्थ नाही.

सगळ्यांवर एकदम येणारं संकट

सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कान्झरा ही गावं अर्थशास्त्राच्या वर्गात जगभर माहीत आहेत. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून तिथल्या घरांचे हिशेब वर्षानुवर्षं ठेवले, आणि अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये त्यांतून दाखवलं की एका घराची कमाई बुडाली तरी त्याचा खर्च बराचसा गावाच्या सरासरीबरोबर चालतो. शेजारपाजार, नातेवाईक, उसनवारी सावरून घेतात. भूमिहीनांना हे सावरणं कमी मिळतं, तेही त्यात आलं.

पण गावच बुडालं तर सावरणार कोण? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी टांगेवाले कॉलनीत शिरलं तेव्हा ज्याच्याकडे उसनं मागायचं त्याच्याही घरात पाणी होतं. मार्च २०२० मध्ये तर सगळ्या शहराचीच कमाई थांबली. शांत वर्षात केलेल्या सर्व्हेत असलं संकट नसतंच, त्यामुळे मॉडेलला ते माहीतच नसतं. ओढ्याकाठची गल्ली आणि टेकडीवरची गल्ली त्याला सारखीच दिसते. म्हणून वस्तीनिहाय कप्पे करा, आणि हाताने एक ‘काय झालं तर’ चालवून पाहा: या गल्लीतल्या सगळ्यांची दोन महिन्यांची कमाई बंद धरली तर किती घरं खाली जातात?

जुनी रेषा, केशरी कार्ड

हे पटकन. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ ची शहरी महाराष्ट्राची रेषा महिन्याला माणशी १,१२६ रुपये होती. ती तशीच आजच्या आकड्यांना लावणारे अजून भेटतात, आणि मग ‘पुण्यात गरीबच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. ग्राहक किंमत निर्देशांकाने ती आजच्या भावात आणा, आणि कोणता निर्देशांक वापरला तेही लिहा.

रेशनकार्डाचा रंग हा निकष म्हणून वापरू नका. पिवळ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये, केशरीसाठी एक लाख, त्यावर पांढरं. महिन्याला सोळा हजारांवर चालणारं आपलं रंगकाऱ्याचं घर वर्षाला १,९२,००० वर जातं, म्हणजे कागदोपत्री पांढरं. प्रत्यक्षात कपाटात केशरी असतं. कार्ड घर कधी वेगळं झालं ते सांगतं, घर आज कसं आहे ते नाही.

कुलूप लावलेली घरं

जोखमीचा अंदाज बरोबर होता का हे तपासायचा मार्ग एकच: वर्षाने त्याच घरी पुन्हा जाणं. आम्ही गेलो. काही दारांना कुलूप, काहींत नवीन भाडेकरू. ही घरं ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून वगळली तर उरलेल्यांची अवस्था छान दिसते, कारण जे कोसळले तेच निघून गेलेले असतात. कुणी भाडं परवडेना म्हणून मांजरीकडे सरकलं, कुणी सरळ परभणीला परतलं. देशपातळीवरच्या मानव विकास सर्वेक्षणातही २००४-०५ ची साधारण ८३ टक्के घरंच २०११-१२ मध्ये पुन्हा गाठता आली, आणि त्यांच्यामागे मोठी यंत्रणा होती.

शेजाऱ्यांना विचारा. तिथल्या किराणावाल्याला विचारा, त्याच्या वहीत थकबाकी राहिलेली असते, त्याला नक्की माहीत असतं. आणि पहिल्याच फेरीत मोबाईल नंबर दोन घ्या: एक घरातला आणि एक गावाकडचा. घरातला नंबर रिचार्ज संपला की बंद पडतो. गावाकडचा मामा मात्र उचलतो.