हेडीज खेळताय? देवांची वरदानं घेताना या चुका टाळा

हेडीज हा व्हिडिओ गेम नव्याने खेळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यात भारी देव कोणता?" हा प्रश्न डोक्यात घेऊन खेळायला बसलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप होतात. गेममध्ये अधोलोकाचा राजा हेडीज याचा मुलगा झॅग्रियस बापाच्या घरातून पळून जायला निघतो आणि ऑलिम्पसवरचे काका, चुलत भावंडं वाटेत एकेक वरदान देत जातात. म्हणजेच बून. प्रत्येक देव आपलंच बून कसं थोर हे ऐकवतो. आपण नवे असल्यामुळे झ्यूस दिसला की डोळे झाकून झ्यूस घेतो, आणि टार्टारस हा पहिला प्रदेश कसाबसा ओलांडून पुढच्या अ‍ॅस्फोडेलच्या लाव्ह्यात मरतो.

सुपरजायंट गेम्सचा हा गेम सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि २०२१ मध्ये त्याला व्हिडिओ गेमसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आजही सेलमध्ये स्वस्त मिळाला की नवे खेळाडू येतात आणि त्यांच्या तक्रारी त्याच असतात: "डॅमेज पुरत नाही", "ड्युओ बून (दोन देवांचं जोड वरदान) येतच नाही", "एलिसियमच्या (तिसऱ्या प्रदेशाच्या) पुढे जात नाही". तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा देवाच्या ताकदीत नसतं. ते बून कोणत्या शस्त्रावर आणि कोणत्या जागी बसवलं, यात असतं.

शस्त्राचा वेग न बघता बून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून जरा सविस्तर बघू.

झॅग्रियसकडे अटॅक (साधा फटका), स्पेशल (शस्त्राचा दुसरा, खास फटका), कास्ट (दुरून फेकायचा मारा) आणि डॅश (झटकन सटकायची झेप) असतात, आणि बरीच बून्स यांपैकी एका जागी बसतात. अटॅकवर बसणारी बून्स ढोबळमानाने दोन जातींची आहेत. एक टक्केवारीची. साध्या दर्जाच्या बूनमध्ये अ‍ॅफ्रोडाइटी अटॅकचा डॅमेज ५० टक्के वाढवते, अथीना आणि डिमीटर ४०, पोसायडन ३०. दुसरी जात ठरावीक आकड्याची. झ्यूसची वीज प्रत्येक फटक्यामागे वेगळा १० डॅमेज देते आणि एका शत्रूवरून दुसऱ्यावर उडी मारते. एरीसचा डूम ५० देतो, पण लागल्यावर साधारण सेकंदाने.

आता एक्साग्रिफ घ्या, म्हणजे बंदूक. तिच्या एका गोळीचा डॅमेज १०. अ‍ॅफ्रोडाइटीने तो १५ होतो, झ्यूसने २०, शिवाय वीज शेजारच्यांना चाटून जाते ती वेगळीच. इथे झ्यूसचं पारडं जड. तलवारीचं गणित निराळं. स्टिजियसचे तीन फटके अनुक्रमे २०, २५ आणि ३० चे. पहिल्या फटक्याला दोन्ही देव बरोबरीत सुटतात, तिसऱ्याला अ‍ॅफ्रोडाइटी ४५ वर जाते आणि झ्यूस ४० वर राहतो. त्यात तिच्या फटक्याने शत्रू वीक होतो, म्हणजे त्याचा आपल्यावरचा डॅमेज ३० टक्क्यांनी घटतो. फटका जितका जड, तितकी टक्केवारी फायद्याची. फटके जितके भराभर, तितका ठरावीक आकडा फायद्याचा. शस्त्र उचलताना एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो.

एरीसच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. ५० हा आकडा बघून लोक डूम बंदुकीवर किंवा मॅल्फॉनच्या, म्हणजे मुठींच्या, ठोशांवर चढवतात. पण शत्रूवर एक डूम टांगलेला असताना पुढचे दहा ठोसे मारले तरी नवा डूम लागत नाही. तो फुटायची वाट बघावी लागते. डायर मिसफॉर्च्यून हे एरीसचंच पुढचं बून असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्याने पुन्हा पुन्हा लागलेल्या डूमचा आकडा वाढत जातो. ते हाताशी नसेल तर डूम सावकाश, जड फटक्यावर ठेवा. तलवारीचा स्पेशल त्यासाठी उत्तम. डायोनायससचा हँगओव्हर याच्या उलट: तो पाच थरांपर्यंत चढतो, त्यामुळे भराभर ठोसे मारून लांब पळायचं आणि शत्रूला झिंगून मरू द्यायचं.

पोसायडन काकांचा एक स्वतंत्र त्रास आहे. त्यांचा फटका शत्रूला लांब ढकलतो. भिंतीजवळ हे झकास, कारण भिंतीवर आपटल्याचा जादा डॅमेज मिळतो. पण हातात मॅल्फॉन असेल तर प्रत्येक ठोशाला शत्रू लांब जातो आणि आपण खोलीभर त्याच्या मागे धावत बसतो. मग तक्रार येते की ठोसे कमजोर आहेत.

जांभळा रंग दिसला की उचललं

बूनचा दर्जा रंगावरून कळतो: पांढरं साधं, निळं रेअर, जांभळं एपिक. दर्जा आकडा वाढवतो, काम बदलत नाही. कधीच न वापरल्या जाणाऱ्या कास्टसाठीचं एपिक बून हे न वापरलेलंच राहतं. अटॅकवर जोर असेल तर अटॅकचं साधं बून घ्या. पॉम (बूनची पातळी वाढवणारं डाळिंब) मिळेल तेव्हा ते वाढवता येतं.

"प्रिव्हिलेज्ड स्टेटस घेतलंय, तरी काही फरक नाही"

रात्रीचा आरसा म्हणजे घरी कायमच्या शक्ती वाढवायची जागा. त्यात एका खणाच्या दोन बाजू आहेत. एक प्रिव्हिलेज्ड स्टेटस: शत्रूवर किमान दोन वेगळे शाप (लागून राहणारे वाईट परिणाम) असतील तर त्याला ४० टक्क्यांपर्यंत जादा डॅमेज. दुसरी फॅमिली फेव्हरिट: जितक्या वेगळ्या देवांची बून्स, तितका डॅमेज वाढतो. पहिली बाजू वाचायला इतकी गोड लागते की सगळे तीच उघडतात आणि मग झ्यूस, पोसायडन, अथीना गोळा करत सुटतात.

गोची अशी की या तिघांचा साधा फटका शाप देतच नाही. झ्यूसची वीज म्हणजे निव्वळ डॅमेज. जोल्टेड हा शाप लागायला वेगळं स्टॅटिक डिस्चार्ज लागतं. पोसायडनचा धक्का हा शाप नाही, रप्चर्डसाठी रेझर शोल्स हवं. अथीनाचं डिफ्लेक्टही (मारा उलटवणं) शाप नाही, एक्स्पोज्डसाठी ब्लाइंडिंग फ्लॅश हवं. आर्टेमिसच्या क्रिटिकलचंही (अधूनमधून बसणारा जबर फटका) तेच, मार्क्ड वेगळ्या बूनने लागतो. पहिल्या फटक्यापासून शाप देणारे चौघंच: अ‍ॅफ्रोडाइटीचा वीक, एरीसचा डूम, डायोनायससचा हँगओव्हर आणि डिमीटरचा चिल.

तेव्हा या चौघांपैकी एक अटॅकवर आणि दुसरा स्पेशलवर बसवता येत असेल तर प्रिव्हिलेज्ड स्टेटस. नाहीतर फॅमिली फेव्हरिट निमूट उघडा.

ड्युओ बून येतच नाही

दोन देवांचं जोड वरदान हे या गेमचं खरं व्यसन. झ्यूस आणि पोसायडनचं सी स्टॉर्म असेल तर प्रत्येक धक्क्यासोबत वीज कोसळते. पण माझ्या मते राजा म्हणजे एरीस आणि अथीनाचं मर्सिफुल एंड. इलियडमध्ये अथीनाच्या मदतीने डायोमिडीज एरीसला भाल्याने जखमी करतो आणि एरीस ओरडत ऑलिम्पसवर तक्रार घेऊन जातो. इथे मात्र दोघांचं असं जमतं की अटॅकने डूम लावायचा, स्पेशलने अथीनाचा फटका मारायचा आणि सेकंदभर थांबणारा डूम तिथल्या तिथे फुटतो. लगेच पुन्हा डूम, पुन्हा फटका. बॉसची रक्तरेषा बघवत नाही.

ते मिळत नसेल तर तीन गोष्टी तपासा.

पहिली, एका फेरीत, म्हणजे पळून जायच्या एका प्रयत्नात, मुख्य आठ देवांपैकी साधारणपणे चारच भेटतात. हर्मीस आणि केऑस यात धरलेले नाहीत. पहिल्या चार दारांत चार वेगळे देव घेतलेत आणि त्यात अथीना नसेल, तर नुसती वाट बघून ती यायची नाही. दारावरचं चिन्ह बघून निवडायचं ते यासाठी.

दुसरी, दोन्ही देवांची *योग्य* बून्स हवीत, नुसती कोणतीही नाहीत. एरीसचं बून आहे पण ते कास्टवरच्या फिरत्या पात्यांचं आहे, डूमचं नाही, मग मर्सिफुल एंड कुठून येणार? कोणत्या ड्युओला काय लागतं हे कोडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या माहितीवहीत, दिसतं, फक्त त्यासाठी घरच्या कंत्राटदाराकडून कोडेक्सची अनुक्रमणिका आधी विकत घ्यावी लागते. हे काम पडदे आणि गालिचे घेण्याआधी करा. घर सजवायचा मोह मलाही समजतो, पण आधी अनुक्रमणिका.

तिसरी, कीपसेक. देवाला पहिल्यांदा नेक्टर (भेट द्यायचं पेय) दिलं की तो एक वस्तू देतो आणि ती लावून निघालात की पुढचं बून त्याच देवाचं मिळतं. अथीनाचं घुबडाचं लॉकेट लावून निघा, टार्टारस संपल्यावर एरीसची रक्ताची कुपी लावा. दोन प्रदेशांच्या मधल्या टप्प्यावर कीपसेक बदलायची सोय पण कंत्राटदाराकडूनच मिळते. नेक्टर साठवून ठेवणारे बरेच भेटतात, "पुढे कामाला येईल" म्हणून. सुरुवातीला त्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, प्रत्येक देवाला एक-एक देऊन टाका.

हर्मीसचं कीपसेक मात्र या नियमात बसत नाही. त्याचं पीस लावून निघालात तर हर्मीस येत नाही. खोल्या झटपट साफ केल्या की तुमचा वेग आणि फटके चुकवायची शक्यता वाढते, एवढंच.

एलिसियमच्या पुढे जात नाही

इथपर्यंत आलेला खेळाडू डॅमेज जमवून आलेला असतो, पण डॅश रिकामा असतो. एलिसियममध्ये चहूबाजूंनी बाण आणि भाले येतात. अथीनाचा डॅश असेल तर त्यातून धावत गेलात की ते उलटून मारणाऱ्यालाच लागतात. नव्या खेळाडूला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन. शेवटी थीसियस आणि मिनोटॉर जोडीने येतात. थीसियस ढाल पुढे धरून उभा असतो, त्याला समोरून कितीही मारा, उपयोग नाही. वळून मागे जा. अर्धमेला झाला की तोही ऑलिम्पसच्या एखाद्या देवाला हाक मारतो, तेव्हा जमिनीवरच्या खुणा बघत पळा.

आपलीही हाक असते, कॉल: देवाला मदतीला बोलवायचं. लढताना भरत जाणारी पट्टी पूर्ण भरल्याशिवाय ती मारायचीच नाही असा नियम लोक स्वतःला घालून घेतात आणि भरलेली पट्टी घेऊन मरतात. पाव भरली तरी छोटी हाक मारता येते.

देवांच्या भांडणाला घाबरणं

काही खोल्यांत दोन देव समोरासमोर बून ठेवतात. एकाचं घेतलं की दुसरा चिडून हल्ला करतो. बरेच जण ते दारच टाळतात. खरं तर ती खोली जिंकलात की रुसलेला देवही आपलं बून देऊन मोकळा होतो. म्हणजे दोन्ही मिळतात. तेव्हा पहिलं बून कोणाचं घ्यायचं हे ठरवताना "कोणाचं जास्त हवंय" असं न विचारता "कोणाचा राग मला झेपणार नाही" असं विचारा. ज्याचा राग झेपणार नाही त्याला आधी खूश करा. आरोग्य अगदी तळाला असेल तर मात्र दुसरं दार बघा.

गॉड मोडची लाज वाटणं

सेटिंग्जमध्ये गॉड मोड आहे. नाव मोठं असलं तरी तो अमर करत नाही. सुरुवातीला अंगावर येणारा डॅमेज २० टक्के कमी, मग प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के, ८० पर्यंत. गोष्ट तीच, संवाद तेच, काही हुकत नाही. नोकरी सांभाळून रात्री अर्धा तास खेळणाऱ्याने तो लावला तर बिघडलं काय?

गेमलाच ग्रीक पुराण समजणं, आणि पुराण विसरून खेळणं

देवांच्या शक्ती इथे उगाच वाटलेल्या नाहीत. डिमीटर धान्याची देवी, तिच्या हाती बर्फ कशाला? मुलगी पर्सेफनी हरवल्यावर तिने पृथ्वीवर काही उगवूच दिलं नाही, ही कथा आठवली की चिल लक्षात राहतो. पोसायडन फक्त समुद्राचा नव्हे, भूकंपाचाही देव, म्हणून रप्चर्ड. आर्टेमिस शिकारीण, तिचा बाण वर्मी लागतो, म्हणून क्रिटिकल.

पण झॅग्रियसची गोष्ट पुराणात अशी नाही. ऑर्फिक परंपरेत हे नाव टायटन्सनी फाडून टाकलेल्या डायोनायससशी जोडलं जातं. गेमने त्यावर एक मस्त थट्टा रचली आहे, ती डायोनायससशी गप्पा मारत राहिलात तर सापडेल. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये "हेडीजचा मुलगा झॅग्रियस पळून गेला" असं लिहायच्या आधी एकदा पुस्तक उघडा.

जुने डाव हेडीज २ मध्ये लावणं

दुसरा भाग मे २०२४ मध्ये, पूर्ण व्हायच्या आधीच खेळता येणाऱ्या रूपात म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण आला. नायिका मेलिनोई, झॅग्रियसची बहीण. तिला मॅजिक नावाची वेगळी पट्टी सांभाळावी लागते. हेस्टिया, हेरा, हिफेस्टस आणि अपोलो हे नवे देव येतात, तर अथीना, आर्टेमिस, डायोनायसस अधूनमधून डोकावणारे पाहुणे होतात. अथीनाचा डॅश शोधत पहिल्या भागाच्या सवयीने दारं निवडलीत तर हाती काही लागणार नाही. झ्यूसचीही वीज आधीसारखी उड्या मारत नाही, ती ब्लिट्झ म्हणून शत्रूवर लागते आणि पुरेसा मार बसला की फुटते. तेव्हा तिथे पहिल्या काही फेऱ्या जिंकायच्या नादाला न लागता, भेटेल त्या देवाचं बून घेऊन मजकूर नीट वाचा.