काय पाहायचे ते शोधण्याची अडचण : माझा अनुभव

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी नाटकाचा प्रयोग सादर केला, तिथल्या घरात जुन्या मराठी चित्रपट-नाटकांची ओढ असणे स्वाभाविक आहे. पण विश्रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळ शोधण्यातच सरत असे आणि आई कंटाळून उठून जाई.

अडचणीचे मूळ असे, की ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा बहुधा स्वतःच्याच संग्रहात शोध घेतात, आणि प्रसारणाचे हक्क बऱ्याचदा ठरावीक मुदतीचे असल्याने आज एका सेवेवर असलेला चित्रपट उद्या दुसरीकडे जातो. यावर मला, कोणता चित्रपट कोणत्या सेवेवर आहे ते दाखवणारे जस्टवॉच हे संकेतस्थळ फार उपयोगी पडले. तिथे भारत हा देश निवडून आम्ही वर्गणी भरतो त्याच सेवांवर खूण केली. आता नाव टाकले, की चित्रपट वर्गणीत मिळतो, भाड्याने घ्यावा लागतो की विकत, हे लगेच कळते. देवनागरीत शोधून न सापडल्यास नाव रोमन लिपीत टाकून पाहावे. यूट्यूबवरील निर्मात्यांच्या अधिकृत वाहिन्या मात्र वेगळ्या तपासाव्यात. तिथे कित्येक जुने चित्रपट पूर्ण आणि विनामूल्य आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते.

दूरचित्रवाणीसाठी सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरील गाइडचे बटण पुरते. त्यात पुढचे कार्यक्रम दिसतात, आणि सह्याद्रीसारख्या आवडत्या वाहिन्यांची यादी वेगळी केल्याने आईला शेकडो क्रमांक ओलांडावे लागत नाहीत. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसाठी प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेले वेव्हज हे ॲपही आम्ही घेतले आहे.