सोलापूरहून हिमालयात जाताना हिमवादळाचा इशारा कसा वाचावा

डिसेंबर ते मार्चदरम्यान मनाली किंवा गुलमर्गला जायचे ठरवताना आपण बहुधा ‘बर्फ मिळेल का’ एवढेच विचारतो. वास्तविक चौकशी आधी वाऱ्याची करायला हवी. बातम्यांत जोराच्या हिमवृष्टीलाही सर्रास हिमवादळ म्हटले जाते, परंतु हवामानशास्त्रात हिमवादळ हे किती बर्फ पडला यावरून ठरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येनुसार ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा किंवा वारंवार येणारे तितकेच जोरदार झोत, आणि पडणाऱ्या वा उडणाऱ्या बर्फामुळे चारशे मीटरच्या आत आलेली दृश्यमानता, अशी स्थिती किमान तीन तास टिकली तरच ते हिमवादळ होय. त्यामुळे आकाशातून एकही कण पडत नसताना केवळ जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उडूनही हिमवादळ होते. चैत्र-वैशाखात सोलापुरात वावटळ उठली की समोरचा रस्ता दिसेनासा होतो, तसाच हा प्रकार, मात्र तासन्‌तास चालणारा.

हिमालयातील हिवाळी बर्फ प्रामुख्याने पश्चिमी चक्रावातांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालींमुळे पडतो आणि त्यांची चाहूल भारतीय हवामान विभागाला काही दिवस आधी लागते. विभागाच्या इशाऱ्यांत पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारिंगी तयारीत राहण्यास आणि लाल तत्काळ कृती करण्यास सांगतो. रंग पाहून थांबू नये. वाऱ्याचा वेग आणि इशाऱ्याचा कालावधीही वाचावा. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली गाठेपर्यंतच सुमारे एक दिवस जातो, म्हणून निघताना पाहिलेला अंदाज घाट चढण्यापूर्वी पुन्हा पाहावा. २०२० साली खुल्या झालेल्या, मनालीजवळच्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड टाळता येते, पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांकडचे रस्ते उघड्यावरच आहेत, हे बरेच पर्यटक विसरतात. नारिंगी इशारा असेल तर मुक्काम वाढवावा. हॉटेलचे पैसे बुडाले तरी चालतील.

तरीही गाडी अडकलीच तर ती सोडून पायी निघू नये, कारण काही पावलांवरही दिशा हरवते. सर्वांत मोठा धोका थंडीइतकाच धुराचा असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक लोक दगावले, आणि त्यांतील काही मृत्यू इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूमुळे झाल्याचे समोर आले. इंजिन चालू करण्यापूर्वी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ प्रत्येक वेळी काढावा, तासाभरात साधारण दहा मिनिटेच हीटर चालवावा आणि ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच किंचित उघडी ठेवावी. बंद खोलीतील कांगडी (निखारे ठेवण्याचे काश्मिरी भांडे) किंवा कोळशाच्या शेगडीलाही खिडकी किंचित उघडी ठेवण्याचा हाच नियम लागू आहे.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या लाडक्या सोलापुरी चादरीवर भिस्त ठेवू नये. ती सुती असते आणि भिजलेले सूत ऊब देत नाही. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा आणि वरून वारा अडवणारे जॅकेट हवे, कारण उणे दहा अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला थंडी उणे एकवीस अंशांसारखी जाणवते. शिदोरीत मात्र सोलापूरला तोड नाही: कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसेंदिवस टिकते, आणि तिला गरम करावेही लागत नाही.

सोबतचा माणूस अडखळत बोलू लागला, गोंधळला किंवा थरथरता थरथरता अचानक शांत झाला, तर त्याच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरले आहे असे समजावे. त्याचे ओले कपडे बदलून छाती आणि मान आधी उबदार करावी, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे, आणि दारू अजिबात देऊ नये, कारण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून ती शरीरातील उष्णता आणखी घालवते. बधिर व पांढरी पडलेली बोटे चोळू नयेत. ती काखेत धरून ठेवावीत आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना दाखवावीत.